लाल दोरा

सुरतेत तापीकाठच्या जुन्या किल्ल्याजवळ, चौक बाजारात, जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. शनिवारी भरतो म्हणून त्याचं नावच शनिवारी. विलायतेत म्हणे सुट्टीच्या दिवशी लोक एखाद्या मैदानात मोटारी लावतात, डिकी उघडतात आणि घरातली अडगळ विकायला मांडतात. इथे डिकीच्या जागी जमिनीवर टाकलेली चादर. गुजरातीत तिला पाथरणुं म्हणतात, आपण पथारी म्हणतो. तिच्यावर काय नसतं? एकाच पायाचा बूट, टीव्हीचा रिमोट, शेगडीचा बर्नर, देवाचं तबक, कुणाच्या तरी लग्नातली समई, पाना-पक्कड, आणि बंद पडलेली घड्याळं ढिगानं. सगळ्या वस्तू कुणाच्या तरी घरातून बाहेर पडलेल्या आणि कुणाच्या तरी घरात शिरायला टपलेल्या. पावती नाही, पाटी नाही, गॅरंटी तर विचारूच नका. पुढच्या शनिवारी विकणारा त्याच जागी बसलेला दिसेल एवढीच काय ती खात्री, आणि पुष्कळदा तीही नसते.

जिभाऊ मात्र दिसायचे. ठरलेल्या भिंतीच्या सावलीत, ठरलेली निळी चादर टाकून. खानदेशात वडीलधाऱ्याला मानानं जिभाऊ म्हणतात. त्यांचं खरं नाव बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं. अमळनेरकडचं गाव सोडून ताप्ती लाईनच्या गाडीनं सुरतेतल्या उधन्याला उतरले तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. पुढची तीस वर्षं लूमच्या खात्यात गेली. बारा-बारा तासांची पाळी आणि यंत्रांचा असा खडखडाट की शेजारच्याशी खुणेनं बोलायचं. निवृत्त होताना लूमनं त्यांना दोन गोष्टी दिल्या: डाव्या कानाचा बहिरेपणा आणि लाल दोऱ्याची सवय.

दोऱ्याचं सांगायला हवं. शेवटची काही वर्षं जिभाऊ ग्रे, म्हणजे कोऱ्या, कापडाचे तागे तपासायच्या कामावर होते. ताण्यातला एक धागा तुटला आणि कारागिराच्या लक्षात आलं नाही, तर कापडात मैलभर लांबून दिसेल अशी रेघ पडत जाते. तपासणारा कापड उजेडासमोरून ओढतो, आणि जिथे खोट दिसेल तिथे किनारीला रंगीत दोऱ्याचा तुकडा बांधतो. घेणाऱ्यानं ताग्याची किनार पाहिली की दोरे मोजून भाव ठरतो. खोट झाकलेली नसते, आणि भांडणही नसतं.

2006 च्या ऑगस्टात उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि सुरत बुडाली. पाणी ओसरल्यावर काही महिने शनिवारीला असा माल आला की विचारू नका. पुरात बुडालेले पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी. उन्हात वाळवायच्या, फडक्यानं पुसायच्या, थोडा रंग मारायचा, की झाला माल तयार. जिभाऊ तेव्हा नुकतेच पथारी टाकून बसायला लागले होते. त्यांनीही चिखल धुऊन काढलेला एक टेबल फॅन मांडला होता. गिऱ्हाईक आलं, फॅन उचलला, आणि जिभाऊंच्या तोंडून शब्दच फुटेना. खोटं बोलायला जीभ वळत नव्हती आणि खरं आपणहून सांगायचं धाडस होत नव्हतं. मग त्यांनी खिशात सवयीनं ठेवलेल्या रिळातला लाल दोरा काढला आणि फॅनच्या जाळीला बांधला. "हे काय?" गिऱ्हाइकानं विचारलं. आता सांगणं भाग होतं.

तेव्हापासून निळ्या चादरीवर ज्या वस्तूत खोट तिला लाल दोरा. इस्त्रीचा थर्मोस्टॅट गेलेला, दोरा. ड्रिलचा चक सैल, दोरा. दोरा पाहून गिऱ्हाईक विचारायचं, "शुं खामी छे?" आणि जिभाऊ खामी सांगायचे, तिच्या हिशेबानं भाव उतरवायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "शे तं शे." आहे तर आहे. अख्ख्या बाजाराला हा वेडेपणा वाटायचा. पण हळूहळू असं झालं की ज्या वस्तूला दोरा नाही ती लोक न तपासता उचलू लागले. पलीकडच्या चहाच्या लारीवर एक प्लग होता. वस्तू चालू करून बघायचे पाच रुपये. इतर पथाऱ्यांवरची गिऱ्हाइकं तिथे रांग लावायची, जिभाऊंची सरळ घरी जायची. चहावाला कुरकुरायचा, "जिभाऊ, तुमच्यामुळे माझं नुकसान."

ज्या किल्ल्याच्या सावलीत हा बाजार भरतो तो आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतो. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा मोगलांचा अधिकारी इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात दार लावून बसला होता. त्या लुटीची एक हकीकत बर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशानं लिहून ठेवली आहे. सावकारांच्या हवेल्या खणून काढल्या जात असताना डचांच्या एका दलालाच्या घराला हात लावला गेला नाही. तो दलाल मेलेला होता. पण हयातीत फार दानधर्म केला होता, असं महाराजांच्या कानावर होतं. सुरतेच्या लिंबायत भागातल्या एका शाळामास्तरानं जिभाऊंना हे सांगितलं, आणि मग ते ज्याला त्याला ऐकवत. मेलेल्या माणसाच्या नावानं दाराला कडी घालावी, याचं त्यांना भारी अप्रूप होतं. भाच्याला तर त्यांनी ते इतक्या वेळा सांगितलं की तो पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायचा.

भाचा म्हणजे बहिणीचा धाकटा. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात होता, काम सुटलं, मामाकडे आला. पोरगा हुशार. सहा महिन्यांत मोटार नुसत्या आवाजावरून ओळखू लागला. भंगारवाल्याकडून कोणता नग उचलायचा, कोणता सोडायचा, हे मामापेक्षा त्याला जास्त कळायचं. कळत नव्हता तो फक्त दोरा. "मामा, आपण दुरुस्त केलेलं असतं, चालतं असतं. वर सांगायचं कशाला?" जिभाऊ बहिऱ्या कानाची बाजू त्याच्याकडे करायचे. ही त्यांची जुनी युक्ती.

एका पावसाळ्यात जिभाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं. भाचा एकटा बसू लागला. त्या वेळी पथारीवर एक मिक्सर होता. दिसायला नवा, पण मोटार एकदा जळालेली. कुणीतरी पुन्हा वायंडिंग केलं होतं ते तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारेनं. असा मिक्सर पाच मिनिटं झकास चालतो. ओलं, जड वाटण घातलं की तापतो, वास मारतो, आणि एक दिवस कायमचा थांबतो. जिभाऊंनी दवाखान्यात जायच्या आधी त्याच्या रबरी पायाशी दोरा बांधून ठेवला होता. चारशेच्या वर द्यायचा नाही, असंही सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी अजून भवानीही झाली नव्हती. भाच्यानं ब्लेडनं तो दोरा कापला.

दुपारी एक बाई आली. लिंबायतचीच, बोलण्यावरून शिरपूरकडची. लूमच्या खात्यातल्या आठ पोरांचे डबे करायची. "कितलाले?"

"सातशे."

तिनं मिक्सर फिरवून फिरवून पाहिला. "काही खोट शे का भाऊ?"

इथे भाच्याला खोटं बोलावंच लागलं नाही. तो म्हणाला, "अक्का, ही जिभाऊंची पथारी आहे. दोरा दिसतोय का कुठे?"

बाई हसली. चहाच्या लारीकडे गेली नाही. कनवटीची गाठ सोडून सातशे मोजले. मामाच्या हातावर भाच्यानं चारशे ठेवले. उरलेल्या तीनशेंचं त्याला तसं काही अडलं नव्हतं. पण आपण मामापेक्षा चांगला धंदा करतो, हे स्वतःलाच दाखवायला ते बरे होते. पुढचा शनिवार गेला, त्याच्या पुढचाही. बाई भांडायला आली नाही. म्हणजे मिक्सर चालतोय, असं त्यानं धरलं. आपल्यापैकी कुणीही हेच धरलं असतं.

महिन्यानं जिभाऊ काळा चष्मा लावून परत जागेवर बसले. त्याच दिवशी ती बाई आली. भाचा पाना शोधायच्या निमित्तानं पोत्यात वाकला. पण बाई त्यांच्यासमोर आलीच नाही. थोडं अंतर सोडून तिनं जुनं लुगडं पसरलं, त्यावर दोन पितळी डबे मांडले, लहान मुलाची सायकल ठेवली, आणि तो मिक्सर. मिक्सरच्या दांडीला लाल दोरा होता. फॉलपिकोच्या रिळातला असावा, जिभाऊंच्या दोऱ्याहून जरा गुलाबी.

जिभाऊंना दूरचं आता स्वच्छ दिसत होतं. ते उठून गेले. "ताई, हा दोरा तुम्ही बांधला?"

बाई ओशाळली. "तुमचीच रीत, जिभाऊ. तुमच्याकडूनच नेला होता. नेला तेव्हा धड होता, दोरा नव्हता त्याला. माझ्याच हातून बिघडला. शेवभाजीचं वाटण जरा जास्त घातलं असेन. दुरुस्तीवाल्यानं दीडशे घेतले, तरी तापतोच. सासूबाई म्हणतात, बाईच्या हाताला वस्तू टिकत नाही. आता वरवंट्यावर वाटते. दोनशे आले तरी पुष्कळ." मग घाईघाईनं म्हणाली, "पण सांगून विकणार हं."

जिभाऊंनी मिक्सर उलटा केला. पुढच्या डाव्या रबरी पायाखाली लाल दोऱ्याचं टोक अडकलेलं होतं. अर्धा इंच असेल. लूमवरची गाठ बारीक असते, चपटी, आणि ती सुटत नाही, कापावीच लागते. त्यांनी अंगठ्यानं ते टोक चाचपलं. चष्मा काढला, पुन्हा चाचपलं.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या हातून काही बिघडलं नाही. ही खोट माझ्या पथारीवरची आहे."

बाईला ते पटेना. तिनं उलट त्यांचीच समजूत घालायला सुरुवात केली, की नाही जिभाऊ, तेव्हा दोरा नव्हता, मी नीट पाहिलं होतं. महिनाभर तिनं घरात बोलणी खाल्ली होती, दगडावर वाटलं होतं, पण एकदाही तिच्या मनात जिभाऊंचा संशय आला नव्हता. पोत्यात वाकलेल्या भाच्याला हे सगळं ऐकू येत होतं. भांडण आलं असतं तर त्याला तोंड द्यायची त्याची तयारी होती. याला कुठून तोंड देणार?

जिभाऊंनी साडेआठशे रुपये मोजून बाईच्या लुगड्यावर ठेवले. तेवढे त्यांच्याकडे नव्हते. चहावाल्याकडून अडीचशे उसने घेतले. मिक्सर उचलून आणला. भाच्याला वाटलं, आता मामा चारचौघांत काढणार. मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी खिशातलं रीळ काढलं, हातभर दोरा तोडला आणि निळ्या चादरीचा समोरचा कोपरा उचलून त्याला बांधला. गाठ लूमवरची.

त्या दिवशी जो येईल तो विचारायचा, "जिभाऊ, चादरीलाच दोरा?" जिभाऊ सांगायचे, "हो. इथून खोट झाकून माल गेलाय." कुणाच्या हातून गेला ते सांगायचे नाहीत. लोक वस्तू खाली ठेवायचे, किंवा चहाच्या लारीकडे न्यायचे. कित्येक वर्षांनी जिभाऊंच्या गिऱ्हाइकांची प्लगापाशी रांग लागली. चहावाला पैसे घेताना खाली बघत होता.

दिवाळी आली तरी दोरा चादरीवरच होता. धंदा निम्म्यावर आला होता. भाच्यानं ते तीनशे पहिल्याच आठवड्यात मामाच्या उशीखाली ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ते त्याच्याच चपलांशेजारी, वर पाण्याचा तांब्या ठेवून, परत आले. रात्री चादर घडी करताना कोपरा हाताला लागायचा. कापावा असं त्याला एकदाही वाटलं नाही. ब्लेड तर खिशात असायचंच.

मग एका शनिवारी शेजारचा पथारीवाला नमाजाला गेला म्हणून जिभाऊ त्याची पथारी सांभाळायला तिकडे बसले होते. एक रिक्षावाला आला. इस्त्री उचलली, दोरा नाही पाहून समाधानानं मान हलवली, आणि मग त्याची नजर चादरीच्या कोपऱ्याकडे गेली.

"आ दोरो शानो?"

आजवर मामा नसले की भाचा या प्रश्नाला "एमज" म्हणायचा. असाच. तो तोंड उघडून थांबला. पलीकडे जिभाऊ चांगला कान इकडे करून बसले होते की बहिरा, ते त्या काळ्या चष्म्यामुळे कळत नव्हतं.

"माझा आहे," भाचा म्हणाला. आणि मिक्सरची सगळी हकीकत त्यानं मोडक्या गुजरातीत सांगितली. दोरा कापल्याचं, बाईला काय म्हणाला ते, तीनशेंचंही.

रिक्षावाल्यानं ऐकून घेतलं. इस्त्री हातात तोलली. "चालू छे?"

"चालू आहे. पण तुम्ही बघून घ्या."

"पाच रुपये?"

"मी देतो," भाचा म्हणाला आणि इस्त्री घेऊन लारीकडे निघाला. प्लग लावला. रिक्षावाल्यानं दोन मिनिटांनी बोट लावून पाहिलं, पुरे म्हणाला. भाच्यानं प्लग काढला नाही. तांबडा दिवा विझून पुन्हा लागेपर्यंत दोघं तिथे उभे राहिले, आणि चहावाल्यानं न विचारता दोन अर्धे चहा त्यांच्यासमोर ठेवले.