कोणी सांगितलं?

चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग करणारे कारखाने दाटीवाटीनं उभे आहेत. पुढचा पेच त्यांतल्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये उभा राहू शकतो. बोलणारी दोघं कल्पित आहेत. भाची सेफ्टी ऑफिसर, मामा उमेदीची वर्षं युनियनच्या कामात घालवून निवृत्त झालेले.

भाची : मामा, एका कंत्राटी मुलानं मला कँटीनमागे गाठलं. म्हणाला, मॅडम, माझं नाव येऊ देऊ नका, पण तीन नंबरच्या प्रेसचं बटण बांधलंय.

मामा : टेपनं?

भाची : वॉशर ठेवून वर टेप. प्रेस जुनी आहे. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच रॅम खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये राहूच शकत नाही. एक बटण कायमचं दाबून ठेवलं की एक हात मोकळा. त्या हातानं जॉब सरकवत राहायचं, टार्गेट निघतं. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो. आणि मी त्या मुलाला शब्द देऊन बसलेय.

मामा : शब्द दिला नसतास तर तो बोललाच नसता.

भाची : खरंय, पण साहेबांकडे गेले की पहिला प्रश्न येणार, कोणी सांगितलं? रात्रपाळीला त्या प्रेसवर दोघंच असतात. मी नाव घेतलं नाही तरी कळायचं ते कळणारच. ठेकेदार त्याला ब्रेक देईल. गप्प बसले, तर कुणाची तरी बोटं जातील.

मामा : कायद्यानंही हा पेच ओळखला होता, अगं. भोपाळनंतर, 1987 साली, फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये कलम 118-अ आलं. तक्रार कुणी केली ते इन्स्पेक्टरनं गुप्त ठेवायचं. तक्रारीवरून आपण आलोय, हेसुद्धा मालकाला कळू द्यायचं नाही. तक्रारदारानं नाव सांगायला संमती दिली, तरच सांगायचं. तूही तसंच कर. सहज फेरी मारल्यासारखी जा आणि तुलाच दिसलं म्हण.

भाची : इन्स्पेक्टर बाहेरचा असतो, तपासून निघून जातो. मी रोज त्याच माणसांत जेवते. सहज आले असं खोटं सांगून एकदा निभावेल. पण बाकीच्यांना काय कळेल? मॅडमना अचानक दिसलं, एवढंच. सांगितल्यानं काही सुधारतं, हे त्यांना कधी कळणारच नाही.

मामा : कळायला हवं की तो मुलगा टिकायला हवा?

इथे मामांचा प्रश्न मला रास्त वाटतो, आणि भाचीचं दुखणंही खरं वाटतं. गेटवर ‘अपघातविरहित दिवस’ असा फलक असतो. आकडा मोठा झाला की तो शून्यावर आणणारा माणूस कुणालाच नको असतो. मग हाताला टाके पडलेल्या कामगाराला हजेरी लावून ऑफिसात बसवून ठेवतात, म्हणजे एकही दिवस बुडाला असं कागदावर दिसत नाही. सेफ्टीच्या दिवशी घेतलेली शपथ कामगारांच्या लक्षात राहत नसेल, पण खुर्चीवर बसवलेला तो माणूस सगळी शिफ्ट बघते, आणि काय बोलायचं नाही ते नेमकं शिकते.

भाची : सगळं उघड बोलता आलं पाहिजे, मामा. चिठ्ठ्यांवर कारखाना किती दिवस चालणार?

मामा : उघड बोलूनही काय झालं ते चॅलेंजर अवकाशयानाच्या वेळी दिसलं. 27 जानेवारी 1986 च्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवरच्या बैठकीत नासाला बजावलं, एवढ्या थंडीत सांध्यातल्या रबरी रिंगा दगा देतील, उड्डाण नको. नावानिशी बोलले, तक्ते पुढे ठेवले. मग त्यांच्याच वरिष्ठांनी वेगळं बसून सल्ला फिरवला. दुसऱ्या दिवशी सात जण गेले. ऐकणारा ऐकायला तयार नसेल तर उघड काय आणि गुपचूप काय!

भाची : मग गुप्ततेचा एवढा आग्रह कशाला?

मामा : कारण तिनं काम होतं. त्याच अमेरिकेत 1976 पासून वैमानिक आपल्या चुका आणि हुकलेले अपघात नासाकडे लिहून पाठवतात. दंड करणाऱ्या खात्याकडे थेट पाठवत नाहीत, हीच त्यातली मेख. अर्जावरची नाव-पत्त्याची पट्टी फाडून लिहिणाऱ्याला परत करतात. माहिती सगळ्यांपर्यंत जाते, नाव कुठेच जात नाही. दहशत आहे तिथं आधी आडोसा द्यावा लागतो.

भाची : आडोसा देईन, पण त्याला विचारून. माझ्या मनानं ठरवलं, तर त्याच्या वतीनं मीच शूर किंवा मीच भित्री होणार. फक्त प्रेस त्याच्या होकारासाठी थांबत नाही. आज रात्रपाळी सुरू व्हायच्या आत मी शॉपवर जाते, माझ्या डोळ्यांनी बघते आणि माझ्या सहीनं प्रेस बंद करते. तेवढा अधिकार मला आहे. त्याच्याशी उद्या बोलेन.

मामा : आणि साहेबांनी तोंडावर विचारलं, कोणी सांगितलं?

भाची : सांगणार नाही, असं सांगेन. माहीत नाही, असं म्हणणार नाही.

मामा : चिडतील.

भाची : चिडू देत. मी पर्मनंट आहे, मेमो मिळेल फार तर. त्याला तर मेमोही मिळणार नाही, सरळ गेटवर अडवतील.

मामा : मग नुसतं प्रेस बंद करून भागणार नाही. टार्गेट तेवढंच ठेवलं तर चार दिवसांत दुसऱ्या प्रेसवर वॉशर चढेल. सुपरवायझरला एकट्याला धरू नकोस, तोही वरच्याला आकडे देतो. टार्गेट कमी करायचं बोलणं प्रॉडक्शनच्या मीटिंगमध्येच काढ, सगळ्यांसमोर. आणि पुढच्या महिन्यात त्या मुलाचा गेटपास रिन्यू होतो की नाही, ते तू स्वतः बघ. ठेकेदारावर सोडू नकोस.