खाल्ल्या मिठाची मर्यादा

खाल्ल्या मिठाला जागावे, हे आपल्याकडे लहानपणापासून इतक्या वेळा सांगितले जाते की त्या मिठाची किंमत कोणी ठरविली आणि त्याचे ऋण किती दिवस फेडावयाचे, असे विचारणेच कृतघ्नपणाचे वाटू लागते. महाभारतकारांना मात्र हा प्रश्न टाळता आला नाही. युद्धाच्या प्रारंभी धर्मराज शस्त्रे खाली ठेवून, पायी चालत भीष्मांपाशी अनुज्ञा मागावयास जातो, तेव्हा पितामह निष्ठेची प्रौढी मिरवीत नाहीत. कौरवांच्या द्रव्याने आपण बांधले गेलो आहोत, अशी कबुली देतात. पुराणिकबुवा देवळाच्या सभामंडपात हा प्रसंग सांगू लागले म्हणजे श्रोते हळहळतात. ती हळहळ निष्ठावंत सेवकासाठी असते, की ज्याला बाहेर पडावयास वाटच उरलेली नाही अशा माणसासाठी? मालक आणि नोकर यांच्यातील करारांचे कागद वाचताना मला हा प्रश्न पुष्कळदा आठवतो. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र मला इंग्लंडमधील एका फुटबॉलपटूच्या चरित्रात सापडले.

नील फ्रँकलिन हा १९२२ साली स्टोक येथे जन्मला. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या नगरीच्या स्टोक सिटी या संघात तो सेंटर-हाफ म्हणून खेळे. बचावफळीच्या मध्यभागी उभे राहून प्रतिपक्षाच्या मुख्य आक्रमकास थोपविणे, हे त्या जागेचे काम. अशा खेळाडूने चेंडू दिसेल तिकडे लाथाडावा आणि सुटकेचा श्वास टाकावा, अशी त्या काळची सर्वसाधारण रीत होती. फ्रँकलिनची पद्धती निराळी. तो चेंडू शांतपणे काढून घेई, पायाशी ठेवी आणि आपल्या गड्याकडे व्यवस्थित पोहोचवी. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड जे पहिले २७ आंतरराष्ट्रीय सामने खेळले, त्या सर्वांत तो होता. एकही चुकला नाही. आपली जागा न सोडणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्यावरच पुढे जागा सोडल्याचा ठपका यावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

या जागेचे मोल काय होते? युद्धोत्तर वर्षांत मैदाने प्रेक्षकांनी ओसंडून वाहत होती. परंतु खेळाडूच्या वेतनास नियमाने कमाल मर्यादा घातलेली होती. १९५० च्या सुमारास ती मोसमात आठवड्याला १२ पौंड आणि उन्हाळ्यात १० पौंड अशी होती. कितीही नामांकित खेळाडू असो, त्याहून अधिक वेतन देणे हाच अपराध. याहून कठीण अट वेगळीच होती. करार वर्षाचा असे. वर्ष संपले की वेतनाची जबाबदारी संपे, परंतु संघाचा खेळाडूवरील हक्क संपत नसे. संघाने त्याची नोंदणी आपल्याकडेच ठेवावयाची ठरविली, तर त्याच्या संमतीवाचून लीगमधील दुसऱ्या कोणत्याही संघात त्यास खेळता येत नसे. म्हणजे एका पक्षापुरती कराराला मुदत होती आणि दुसऱ्यापुरती नव्हती. कायद्याच्या विद्यार्थ्यास असा दस्तऐवज दाखविला, तर तो प्रथम त्यावरील तारीख विचारील. दासप्रथा बंद होण्यापूर्वीचा आहे की काय, म्हणून!

या तटबंदीस एकच भगदाड होते, आणि ते सातासमुद्रांपलीकडे. कोलंबियात १९४८ साली व्यावसायिक लीग सुरू झाली. तेथील अधिकृत मंडळाशी तिचे बिनसले आणि ती फिफाच्या व्यवस्थेबाहेर पडली. व्यवस्थेबाहेर पडल्यावर मूळ संघांना खेळाडूंची भरपाई देण्याचे बंधनही उरले नाही. मग तिने अर्जेंटिनातून दि स्तेफानोसारखे मोहरे नेले, आणि १९५० साली बोगोता येथील सांता फे संघाने इंग्लंडकडे हात पुढे केला. देऊ केलेली रक्कम स्टोकच्या वेतनाच्या कितीतरी पट होती. त्या वर्षी मे महिन्यात फ्रँकलिन आपला सहकारी जॉर्ज माउंटफर्ड याच्यासह निघून गेला. अवघ्या महिनाभराने ब्राझीलमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू व्हावयाची होती आणि इंग्लंड त्यात प्रथमच उतरणार होते.

परदेशातील संसार टिकला नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० मीटर उंचीवरील ते शहर, १९४८ साली गायतान या लोकप्रिय नेत्याचा खून झाल्यापासून देशात रक्तपात चाललेला, रात्री संचारबंदी. पत्नी गरोदर होती. थोडेसे सामने खेळून, मुदत पुरी होण्यापूर्वीच फ्रँकलिन मायदेशी परतला. तेथे त्याच्यावर बंदी घालण्यात आली. पुढे १९५१ साली स्टोकने त्याला दुसऱ्या श्रेणीतील हल सिटी संघास २२,५०० पौंडांना विकले. आठवड्याला १२ पौंडांचा माणूस विकावयाच्या वेळी किती मोलाचा ठरला, हे वाचकांनी पाहावेच. इंग्लंडकडून तो पुन्हा कधीही खेळला नाही. त्या वेळी त्याचे वय अठ्ठावीस-एकोणतीस होते.

दरम्यान २९ जून १९५० रोजी बेलो ओरिझोन्ते येथे अमेरिकेच्या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाने इंग्लंडला एक शून्य असे हरविले होते. साऱ्या अपयशाचे खापर एका अनुपस्थित माणसाच्या डोक्यावर फोडणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही. त्या दिवशी इंग्लंडला स्वतः एकही गोल करता आला नाही, आणि गोल करणे हे काही सेंटर-हाफचे काम नव्हे.

तो निष्ठा विसरला, असे त्याच्याविरुद्ध म्हटले गेले. मला हा आरोप मान्य नाही. सोडून जाण्याची मोकळीक असून जो राहतो, त्याचे राहणे ही निष्ठा. दाराला बाहेरून कडी घालून आत बसविलेल्याचे राहणे हे केवळ वास्तव्य होय. आपल्या करारविषयक कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानेही कायदेशीर धंदा करण्यास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरविला आहे, आणि ते कलम १८७२ सालचे आहे. गोमंतकीय वाचकांना तर हे वेगळे सांगावयास नको. मंगेशीहून दीनानाथ, केरीहून केसरबाई, कुर्डीहून मोगूबाई बाहेर पडल्या नसत्या, तर त्यांच्या गळ्याची कीर्ती पंचक्रोशीपलीकडे कितीशी गेली असती? आज त्या गावांना त्यांच्या नावांचा अभिमान वाटतो, आणि त्यांनी गाव का सोडले असे कोणी विचारीत नाही.

परंतु फ्रँकलिनला मी सर्वस्वी निर्दोषही सोडणार नाही. पत्नीच्या बाळंतपणामुळे आपण ब्राझीलला जाऊ शकत नाही, असे त्याने इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला कळविले होते. आणि नंतर तो उमटला तो बोगोतात. कारण खोटे नव्हते, कारण पत्नी खरोखरच गरोदर होती. पण ते पुरेही नव्हते. अश्वत्थाम्याविषयी धर्मराजाच्या तोंडून निघालेल्या अर्धसत्याच्याच जातीचे हे वाक्य. निवड समितीस दुसरा सेंटर-हाफ तयार करावयाचा होता, जे सहकारी त्याच्या भरवशावर मैदानात उभे राहत होते त्यांना खरे कळण्याचा अधिकार होता. वेतनाची मर्यादा त्यांनी घातलेली नव्हती. त्यांच्याशी झालेली ही लबाडी, आणि ती मला क्षम्य वाटत नाही. मात्र पुढचा दरवाजा बंद केला की माणसे मागच्या दाराने जातात, आणि मागच्या दाराने जाणाऱ्यास खोटे बोलावेच लागते. या लबाडीतील काही वाटा दरवाजा बंद करणाऱ्यांच्या पदरी घातला पाहिजे. खेदाची गोष्ट ही की त्याला शिक्षा झाली ती जाण्याबद्दल. खरे लपविण्याबद्दल तसे काही झाले असते, तर मला तक्रारीस जागा नव्हती.

उघडपणे भांडणारा माणूस दहा वर्षांनी निघाला. न्यूकॅसल संघाने सोडण्यास नकार दिला तेव्हा जॉर्ज ईस्टहॅम याने खेळणेच थांबविले आणि पोटासाठी बुचाचा माल विकण्याची नोकरी पत्करली. पुढे त्याला आर्सेनल संघात जाता आले, तरी तो न्यायालयात गेलाच. वेतनाची कमाल मर्यादा १९६१ च्या जानेवारीत उठली होती. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूस अडकवून ठेवण्याची ती पद्धती व्यवसायावरील गैरवाजवी बंधन असल्याचा निर्णय दिला. फ्रँकलिनचा लीगमधील खेळ तोवर संपून पाच वर्षे झाली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस तो कोल्चेस्टर युनायटेड या संघाचा व्यवस्थापक झाला, आणि कोणता खेळाडू ठेवावा व कोणता सोडावा हे ठरविणाऱ्यांच्या बाजूस जाऊन बसला.