काढून घेतलेला तास

गेल्या पावसाळ्यात एक माजी विद्यार्थी शाळेत भेटायला आला. इंजिनीअर झाला आहे, पुण्याला चांगल्या नोकरीत आहे. वाकून नमस्कार केला, चहा घेतला आणि निघताना सहज म्हणाला, "सर, दहावीला तुम्ही आमचा चित्रकलेचा तास काढून तिथं गणित लावलंत ना, तेव्हापासून ब्रश हातात धरला नाही बघा." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य मला अजून टोचते.

तास मीच काढला होता. पालकांची मागणी होती, निकालाची काळजी होती. पण मुलाच्या भल्यासाठी म्हणून त्याच्यातले काही कापून टाकण्याचा अधिकार शिक्षकाला असतो काय?

अशा वेळी आम्ही शिक्षक विद्यापीठाकडे बोट दाखवतो. वर गुणच मोजतात, मग खाली आम्ही काय करणार? यात तथ्य नाही असे नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची वाट मोकळी झाली, तरी विद्यापीठ म्हणजे परीक्षा हे समीकरण लोकांच्या मनातून गेले नाही. आमच्या बेळगावची महाविद्यालये आधी मुंबईकडे, मग धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती. २०१० मध्ये इथेच राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. विद्यापीठे बदलली. घरातला प्रश्न तोच राहिला : "किती टक्के?"

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 'समग्र शिक्षणा'चा पुरस्कार केला. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने संगीतही शिकावे, इंजिनीअरिंगवाल्याने साहित्यही वाचावे. कर्नाटकात २०२१ मध्ये चार वर्षांची पदवी आली आणि २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांवर गेली. तीन की चार, हा वाद जाणत्यांनी करावा. माझी शंका निराळी आहे. संगीताचे क्रेडिट जोडले की शिक्षण समग्र होते काय? ती नुसती बेरीज झाली. एक विद्या दुसरीशी बोलू लागते तेव्हा माणूस घडतो. हाच मुलगा गणपतीच्या आराशीत पुठ्ठ्याची कमान उभी करायचा. तिच्यात माझी भूमिती होती, आणि ती त्याला वर्गात कधी कळली नव्हती!

कुणी म्हणेल, चित्रकलेने चूल पेटत नाही. खरे आहे. त्याच्या पगारावर त्याचे घर वर आले, याचा मला आनंदच आहे. पण आठवड्याचा एक तास राहिला असता तर तो नापास झाला असता काय? मी तोलून पाहिलेच नाही. ज्या विषयाच्या बाजूने बोलायला कुणी येणार नव्हते, तो काढला.

आपण सीमाभागातली माणसे तर आणखी एक कापाकापी करतो. कन्नड 'पास होण्यापुरते' शिकवतो. मराठीसाठी आपण पुष्कळ सोसले आहे आणि तिचा हक्क मी तसूभरही सोडणार नाही. पण कवी द. रा. बेंद्रे आठवतात. घरची भाषा मराठी, जन्म धारवाडचा, कविता कन्नड, आणि कन्नड शिकवले ते सोलापूरच्या महाविद्यालयात! १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. बाजारात, बसमध्ये, अंगणात जी भाषा मुलाच्या कानावर पडते, ती त्याच्या मनाबाहेर ठेवून त्याला कसले समग्र शिक्षण देणार? हे विद्यापीठाने आम्हाला सांगितले नव्हते. हे आमचे आम्हीच केले.

विद्यापीठ उद्या कितीही बदलो, त्याच्या दारात जाणारे मूल आधी आमच्या हातून जाते. ते अर्धे करून पाठवायचे आणि तिथे पूर्ण होईल अशी आशा धरायची, हा न्याय नव्हे.

यंदाच्या जूनपासून दहावीला चित्रकलेचा तास पुन्हा लावला आहे. दोन पालक रागावून गेले. निकाल एखाद्या टक्क्याने खाली आला तर आणखी येतील. त्यांना उत्तर मीच देईन. त्या इंजिनीअरला मात्र त्याचा तास आता मला परत देता येत नाही.