दोन चौकटींमधली रेघ

न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचा १८५५ मधला एक तक्ता आहे. कंपनीत कोण कोणाच्या हाताखाली काम करतं हे दाखवणारा पहिला आधुनिक ऑर्गनायझेशन चार्ट म्हणून तो ओळखला जातो. आजच्या ऑफिसातल्या चार्टला सरावलेला माणूस तो पाहून गोंधळेल, कारण त्यात अध्यक्ष आणि संचालक मंडळ सगळ्यांच्या खाली आहे. तिथून फांद्या फुटतात, वर वळतात, पसरतात; आणि अगदी शेंड्यांवर दिसतात गाड्यांवरची आणि स्टेशनांतली साधी माणसं. कल्पना रेल्वेचा जनरल सुपरिंटेंडंट डॅनिएल मॅककॅलम याची, रेखाटन जॉर्ज हेन्शॉ या सिव्हिल इंजिनीअरचं. मॅककॅलमही मूळचा पूल बांधणारा, एका लाकडी पुलाच्या रचनेचं पेटंट त्याच्या नावावर होतं. चार्ट जन्माला आला तो ड्रॉइंग बोर्डाची सवय असलेल्या हातांतून.

त्याची अडचणही इंजिनीअरचीच होती. पन्नास मैलांच्या रेल्वेचा प्रमुख सगळ्या कामावर जातीने नजर ठेवू शकतो. ईरीची लाइन पाचशे मैलांच्या आसपास गेलेली. कुठली गाडी कुठे अडली हे कळेपर्यंत दुसरी तिच्यावर जाऊन आदळायची भीती. म्हणून मॅककॅलमने तारायंत्राचा आधार घेतला आणि प्रत्येक पातळीवरून नियमित अहवाल मागवायला सुरुवात केली. त्या तक्त्यातल्या रेषा हुकूम जाण्याच्या आहेत, तितक्याच खबर येण्याच्याही आहेत. या दुसऱ्या अर्ध्याचा पुढे लोकांना विसर पडला. संचालक मंडळ वर गेलं आणि रेषा फक्त अधिकाराच्या उरल्या. (मॅककॅलमला संत समजण्याचं कारण नाही. त्याच्या कडक नियमांविरुद्ध इंजिन-ड्रायव्हरांनी संप केला आणि १८५७ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली.)

त्याच सुमारास आपल्याकडे डलहौसीने सार्वजनिक बांधकाम खातं उभं केलं, आणि १८५४ मध्ये पुण्यात त्या खात्याला लागणारी माणसं तयार करणारी शाळा निघाली, पुढचं सीओईपी. मुख्य अभियंता, अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता, उपअभियंता ही उतरंड महाराष्ट्रात इतकी मुरली आहे की तिला चार्टची गरजच पडत नाही. टेबलाचा आकार पाहून कळतं. या रचनेत फाइल वर जाते आणि मंजुरी खाली येते. ती टिकाऊ आहे यात वाद नाही.

खासगी ऑफिसांची गोष्ट वेगळी वळली. शिकागोत डॅनिएल बर्नम आणि जॉन रूट यांची भागीदारी होती: बर्नम कामं आणणारा आणि चालवणारा, रूट डिझाइन करणारा. १८९१ च्या जानेवारीत, जागतिक प्रदर्शनाची तयारी सुरू असताना, रूट न्यूमोनियाने गेला. बर्नम हादरला, पण ऑफिस थांबलं नाही. चार्ल्स अॅटवुड डिझाइनच्या जागेवर आला आणि रिलायन्स बिल्डिंगसारखी इमारत त्याच्या हातून पूर्ण झाली. डिझाइन ही एक जागा आहे, त्या जागेवरचा माणूस बदलता येतो, हे आर्किटेक्टच्या धंद्यात इतक्या उघडपणे बहुधा तेव्हाच दिसलं. कलावंतांना ते रुचलं नाही. मला स्वतःला त्यात क्रूरपणापेक्षा प्रामाणिकपणा जास्त दिसतो.

डेट्रॉइटच्या अल्बर्ट कानने हा विचार टोकाला नेला. फोर्डसारख्यांचे कारखाने महिन्यांत उभे करायचे, तर आर्किटेक्टने काढायचं, मग इंजिनीअरने तपासायचं, मग यंत्रवाल्याने पाइप कुठून न्यायचे ते विचारायचं, ही रांग परवडणारी नव्हती. त्याने स्थापत्य, स्ट्रक्चर आणि यांत्रिकी अशी सगळी खाती एकाच छताखाली आणली आणि तिन्हींची ड्रॉइंग एकाच वेळी चालू ठेवली. १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारने त्याच्याकडून स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्याचं डिझाइन घेतलं आणि पाठोपाठ मॉस्कोत ऑफिसच उघडायला सांगितलं. भाऊ मॉरिट्झच्या नेतृत्वाखाली डेट्रॉइटची माणसं तिथे गेली आणि १९३२ पर्यंत शेकडो कारखान्यांची ड्रॉइंग निघाली. भांडवलशाहीच्या राजधानीतून समाजवादी देशाने ऑफिसची मांडणी आयात केली, हा विनोद तेव्हा किती जणांना कळला असेल कोण जाणे. १९४७ मध्ये इतिहासकार हेन्री-रसेल हिचकॉकने ‘नोकरशाहीचं स्थापत्य’ आणि ‘प्रतिभेचं स्थापत्य’ अशी विभागणी केली, तेव्हा पहिल्या प्रकारासाठी त्याने कानचंच उदाहरण घेतलं. त्याला त्यात शिवी अभिप्रेत नव्हती.

पण एका छताखाली असणं आणि एका टेबलावर असणं यात अंतर आहे. ते अंतर कमी झालं की काय होतं, हे एसओएम या फर्मच्या शिकागो ऑफिसात दिसलं. ढाक्यात जन्मलेला स्ट्रक्चरल इंजिनीअर फझलुर खान १९६६ मध्ये तिथे भागीदार झाला. त्याच्या आणि आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहमच्या जोडीने शंभर मजल्यांचं जॉन हॅनकॉक सेंटर उभं केलं. त्याच्या दर्शनी भागावरच्या भल्यामोठ्या तिरक्या पट्ट्या वाऱ्याचा जोर पेलतात आणि इमारतीचा चेहराही त्याच आहेत. आर्किटेक्टने आकार ठरवून मग ‘हे उभं कसं राहील बघा’ म्हणत ड्रॉइंग पाठवलं असतं, तर त्या पट्ट्या आत कुठेतरी लपवल्या गेल्या असत्या. इंजिनीअर भागीदार आहे की सल्लागार, या फरकाचा परिणाम इथे रस्त्यावरून दिसतो.

टेक्सासमधल्या कॉडिल रॉलेट स्कॉट या फर्मने हाच प्रश्न तिघांच्या गटाने सोडवायचा प्रयत्न केला: प्रत्येक कामाला व्यवस्थापन, डिझाइन आणि तंत्र यांचा एकेक माणूस. लंडनच्या ओव्ह आरपची वाट जराशी निराळी. तो आधी तत्त्वज्ञान शिकलेला इंजिनीअर. १९७० च्या विंचेस्टरच्या भाषणात त्याने सगळ्या शाखांनी मिळून केलेल्या डिझाइनचा आग्रह धरला. आरपच्या नव्या माणसांना ते भाषण आजही वाचायला देतात. फर्मची मालकी कर्मचाऱ्यांसाठीच्या ट्रस्टकडे आहे, म्हणजे चार्टच्या सगळ्यात वरच्या चौकटीत कोणी शेठजी नाही.

इतकं सगळं समजल्यावरही चौकटींच्या मधली जागा किती धोक्याची असते, ते कॅन्सस सिटीत दिसलं. हयात रीजन्सी हॉटेलच्या भव्य दालनात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरचे पादचारी पूल छताला सळ्यांनी टांगले होते, एकाखाली एक. मूळ ड्रॉइंगमध्ये एकच लांब सळी छतापासून दोन्ही पुलांतून खालपर्यंत जात होती. इतक्या लांब सळीला आटे पाडणं आणि नट वर चढवत नेणं जिकिरीचं, म्हणून काम करताना एका सळीच्या दोन झाल्या: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरी चौथ्यापासून दुसऱ्यापर्यंत. कागदावर बदल क्षुल्लक. पण आता खालच्या पुलाचं ओझंही चौथ्या मजल्याच्या बीमवर लटकलं, आणि त्या बीमखालच्या नटवर दुप्पट भार आला. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी दालनात नाच रंगात असताना दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली.

चौकशीत निघालं ते असं. मूळ जोडदेखील शहराच्या नियमापेक्षा कमकुवतच होता. फॅब्रिकेटरने शॉप ड्रॉइंगचं काम आणखी एका बाहेरच्या डिटेलरला दिलं होतं. इंजिनीअरच्या ऑफिसातून त्या ड्रॉइंगवर शिक्का पडला होता. आर्किटेक्ट, इंजिनीअर, फॅब्रिकेटर, डिटेलर, सगळ्या चौकटी भरलेल्या होत्या. तो जोड नव्याने कोणी हिशेबात घ्यायचा, याबद्दल प्रत्येकाची समजूत होती की दुसरा घेईल. मिझुरी राज्याने शेवटी दोन इंजिनीअरांचे परवाने रद्द केले. ज्याचा शिक्का त्याची जबाबदारी, ती खाली ढकलता येत नाही, हे त्या निकालातून पक्कं झालं.

आपल्याकडे आर्किटेक्ट आणि इंजिनीअर या चौकटींमधली फट कायद्यानेही राखली आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टनुसार ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणीकृत आर्किटेक्टला आणि आर्किटेक्टांच्या फर्मलाच लावता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की कायदा उपाधीला संरक्षण देतो, कामाला नाही. पण पाटीवरची सवय बदललेली नाही. मुंबई-पुण्यात साधारण चित्र असं: प्रिन्सिपल आर्किटेक्टचं लहान ऑफिस, बाहेरचा आरसीसी कन्सल्टंट, तिसरीकडे प्लंबिंग आणि एसीवाले, महापालिकेच्या मंजुरीसाठी लायझनिंगवाला चौथा. फझलुर खान इथे असता तर भागीदार नसता, व्हेंडर असता आणि बिलासाठी फोन करत बसला असता.

ही फट हल्ली बुजवतो तो बहुतेक वेळा ऑफिसातला एखादा तरुण बीआयएम कोऑर्डिनेटर. सगळ्यांची मॉडेल एकावर एक ठेवून डक्ट बीममधून जातोय का, स्लीव्ह कुठे राहिलीय, हे तो शोधतो. दोन चौकटींच्या मधलं त्याला सगळ्यांत आधी कळतं. चार्टमध्ये मात्र तो खालून दुसऱ्या ओळीत, नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेला. त्याने दाखवलेला दोष मीटिंगच्या टिपणात जातो आणि ड्रॉइंगवर ‘जीएफसी’चा, म्हणजे ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’चा, शिक्का ठरलेल्या तारखेला पडतो. मॅककॅलमच्या तक्त्यातल्या शेंड्यावरच्या माणसाला निदान वेळच्या वेळी अहवाल पाठवायचा हुकूम होता आणि तो वाचणारा ठरलेला होता. नव्या फर्मचा चार्ट आखायला कोणी बसलं, तर डायरेक्टर किती आणि असोसिएट किती हे नंतर ठरवावं. आधी हे लिहावं, की जीएफसीचा शिक्का अडवून धरायचा हक्क या ऑफिसात नेमका कोणाला आहे, आणि तारीख चुकली म्हणून क्लायंटचा फोन आला तर तो कोण घेणार.