चावीवाला आणि आप्तवाक्य

दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येण्याची शक्यता आहे, नागरिकांनी पाणी जपून वापरावे आणि सहकार्य करावे. अशा मजकुराचे निवेदन पुण्यातल्या वाचकाला जवळजवळ पाठ आहे. वार, जलकेंद्र आणि पेठांची यादी तेवढी बदलते. हा मजकूर वाचून माणूस उठतो, पिंप आणि बादल्या भरून ठेवतो आणि पुढच्या कामाला लागतो. त्यात तत्त्वज्ञान शोधायला जाणे कुणाला उगाचचे वाटेल. पण एक साधी गोष्ट पाहावी. या सगळ्या वाक्यांत कर्ता कुठेच नाही. पाणी बंद 'ठेवण्यात येते', नागरिकांना 'कळविण्यात येते', गैरसोयीबद्दल दिलगिरीही 'व्यक्त करण्यात येते'. कोण ठेवते, कोण कळवते, दिलगीर नेमके कोण आहे, याचा पत्ता नाही. तरीही आपण त्या वाक्यावर विसंबतो. जे स्वतः पाहिले नाही ते केवळ सांगण्यावरून खरे का मानायचे, हा प्रश्न आपल्याकडच्या दर्शनांनी शतकानुशतके चघळला आहे. त्यांच्यापुढे वेद होता आणि आपल्यापुढे वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर डकवलेला कागद आहे, पण प्रश्नाची घडण तीच आहे.

सांगण्यावरून खरे मानणे, म्हणजे शब्दप्रमाण, चार्वाकाने उडवून लावले. बौद्धांनी ते स्वतंत्र प्रमाण मानले नाही, अनुमानातच जमा केले. ज्यांनी ते मानले त्यांच्यात मात्र मोठा वाद झाला, आणि आपल्या कामाचा आहे तो हाच. मीमांसकांचे म्हणणे असे की वेद विश्वसनीय आहे, कारण त्याला कर्ता नाही. माणूस म्हटला की चूक आली, हलगर्जी आली, लबाडीही आली. वाक्याच्या मागे माणूसच नसेल तर दोष शिरायला वाटच उरत नाही, म्हणून अपौरुषेय वचन निर्दोष. युक्तिवाद विलक्षण आहे, आणि त्याची मोहिनी आजच्या कचेऱ्यांवरही असावी असे वाटते. सरकारी मराठीतला तो कर्मणी प्रयोग नुसता भाषेचा आळस नव्हे. त्यात एक प्रामाण्यशास्त्र दडलेले आहे. सही अस्पष्ट ठेवली, कर्ता पुसून टाकला, वाक्याला अधिकाराचा कोरडा सूर दिला, की ते कोणा एका माणसाचे राहत नाही, आणि जे कोणाचेच नाही ते खोटे ठरवायचे तरी कसे? फरक एवढाच की वेदाला कर्ता नाही असे मीमांसक मनापासून मानत होते. निवेदनाला कर्ता आहे हे तर सगळ्यांनाच ठाऊक असते.

नैयायिकांनी नेमकी उलटी वाट धरली. त्यांच्या मते शब्द खरा ठरतो तो सांगणारा आप्त असल्यामुळे. सांगणाराच नसेल तर भरवसा ठेवायचा कोणावर? सुमारे पाचव्या शतकात न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने हा आप्त कोण ते उलगडून सांगितले आहे. त्याने गोष्ट स्वतः पाहिलेली-जाणलेली असते, त्याला प्राण्यांविषयी दया असते, आणि जे जसे आहे ते तसेच सांगण्याची त्याला इच्छा असते. तो असेही म्हणतो की ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखीच लागू आहे. म्हणजे आप्तपणा जन्माने येत नाही आणि पदानेही येत नाही. न्यायसूत्रांतला दुसरा मुद्दा तर याहून धीट आहे. वेदाचे प्रामाण्य सिद्ध करताना तिथे आयुर्वेदाचा दाखला दिला आहे. औषधाचा गुण येतो की नाही हे इथेच, याच देहात पडताळता येते. ते वचन खरे ठरते म्हणून त्याच आप्तांनी सांगितलेल्या, न दिसणाऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवायचा. एखादे ज्ञान खरे होते हे कशावरून कळते, याला नैयायिकांचे उत्तर असे की त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफळ झाली यावरून. आणि यासाठी त्यांचे नेहमीचे उदाहरण कोणते, तर पाण्याचे. पाणी दिसले, माणूस तिथवर गेला, तहान भागली, तर ते पाण्याचे ज्ञान खरे. नाहीतर मृगजळ.

आता गल्लीतल्या व्यवहाराकडे पाहू. पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत एक माणूस असतो, त्याला चावीवाला म्हणतात. लांब लोखंडी चावी घेऊन तो ठरल्या वेळी रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. निवेदनात काहीही छापलेले असो, लोक त्याला विचारतात, 'उद्या किती वाजता?' तो सांगेल ते खरे धरून घरोघरी गजर लावले जातात. पालिकेच्या उतरंडीत त्याची जागा तळाशी आहे, वर्तमानपत्रांसाठी तो प्रवक्ता नाही. पण वात्स्यायनाच्या तिन्ही कसोट्यांना तो उतरतो. कोणत्या चेंबरमधला व्हॉल्व्ह अडकतो, चढावरच्या घरांना पाणी किती उशिरा पोचते, हे त्याने हाताने जाणलेले असते. ज्यांची तहान आहे त्यांचे चेहरे त्याला ठाऊक असतात. आणि चुकीचे सांगितले तर दुसऱ्या दिवशी त्याला त्याच गल्लीत यायचे असते. हा चावीवाला कधी पैसे खातो, कधी एका आळीला झुकते माप देतो, हे खरे आहे. पण त्याच्या लबाडीवर बोट ठेवता येते, कारण लबाडी करणारा समोर उभा असतो. कर्मणी प्रयोगाला कोण जाब विचारणार?

माझे म्हणणे असे की नगरपालिकेचे निवेदन ही माहिती नसून वचन आहे, आणि वचनाची सत्यता कागदावर ठरत नाही, नळाशी ठरते. याला महाराष्ट्राच्या इतिहासात महाडइतका लख्ख पुरावा दुसरा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. तळे अस्पृश्यांनी वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही, असा त्याचा सूर होता. 'हरकत नाही' हे शब्द जरा तोलून पाहावेत. त्यांत मनाई नाही, पण हमीही नाही. दप्तरी वाक्य निर्दोष होते, आणि तीन वर्षे त्या वाक्यावर विसंबून कुणाला ओंजळभर पाणी पिता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेतल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. या घटनेकडे हक्काची स्थापना म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण ती प्रामाण्याची परीक्षाही होती, अगदी नैयायिकांच्या उदाहरणाबरहुकूम. पाणी आहे असे सांगितले गेले होते, माणसे तिथवर गेली, प्याली. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, पंचगव्याने तळ्याची 'शुद्धी' झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला. वचन आणि वस्तुस्थिती जुळत नाहीत असे उघड झाल्यावर वस्तुस्थिती वचनाकडे ओढायची की वचन मागे घ्यायचे, हे दोन मार्ग होते. दुसरा निवडला गेला. पुढे दिवाणी दावा चालला तो तळे सार्वजनिक आहे की नाही, अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध होते की नाही, यावर. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये, ठरावानंतर तेरा वर्षांनी.

महाडच्या निमित्ताने 'नागरिकांना कळविण्यात येते' यातला नागरिक कोण, हाही प्रश्न उघडा पडतो. अनेक गावांत दवंडी पिटण्याचे काम ज्या जातींकडे होते, त्यांनाच गावाच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता. निरोप सर्वांपर्यंत पोचवणारा स्वतः 'सर्व' या शब्दात बसत नव्हता. याउलट १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा निवेदन आणि पाणी यांच्यात अंतरच उरले नाही. बोलणारा आणि हौदाचा मालक एकच होता. संस्थेत हे दोघे वेगळे होतात आणि सगळी अडचण तिथून सुरू होते.

यावर पहिला आक्षेप प्रमाणाचा. महाडचा प्रश्न माणुसकीचा होता, गुरुवारचे पाणी ही किरकोळ गैरसोय, दोन्ही एका तागडीत कशी घालता? दोन्हींचे वजन सारखे नाही, हे कबूलच आहे. पण आयुर्वेदाच्या दाखल्याचे मर्म नेमके इथे आहे. पडताळता येणाऱ्या लहान वचनांवर न पडताळता येणाऱ्या मोठ्या वचनांचा भरवसा उभा राहतो. जुलै २०२४ मध्ये पुण्यात मुठेच्या पुराचे पाणी सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत शिरले, तेव्हा इशारा वेळेत मिळाला नाही ही रहिवाशांची मुख्य तक्रार होती. धरणातून किती विसर्ग सोडायचा हे जलसंपदा खात्याला ठाऊक असते, पाणी कोणत्या सोसायटीच्या तळमजल्यात शिरणार हे महापालिकेला ठाऊक असायला हवे, आणि अंथरूण सोडून वर जायचे की नाही हे झोपेतून उठलेल्या माणसाला त्या दोघांच्या शब्दावर ठरवायचे असते. पुराचा इशारा कुणी आधी चाखून पाहू शकत नाही. वर्षभरातल्या पन्नास गुरुवारांनी त्या शब्दाची जी पत केली असेल, तेवढीच त्या रात्री कामाला येते. शुक्रवारी 'सकाळी उशिरा' म्हणून सांगितलेले पाणी शनिवारी आले असेल, तर इशारा वेळेत येऊनही माणूस कूस बदलून झोपेल.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो मीमांसकच घेईल. कुमारिलाचे मत असे की ज्ञान हे बाधा येईपर्यंत स्वतःच प्रमाण असते. प्रत्येक वाक्याची आधी परीक्षा घेत बसलो तर जगणेच थांबेल, शिवाय परीक्षेच्या ज्ञानाची परीक्षा कोण घेणार? निवेदन वाचून बादल्या भरणारा माणूस चौकशी समिती नेमत नाही. हे अगदी खरे आहे, आणि माझ्या मते रोजच्या व्यवहाराचे वर्णन म्हणून मीमांसकाची बाजू नैयायिकापेक्षा सरस आहे. पण कुमारिलानेही बाधेला जागा ठेवली आहे. पुढे उलट अनुभव आला, किंवा ज्ञानाच्या उगमातच दोष दिसला, तर ते ज्ञान सोडायचे. उगमात दोष दिसायचा तर उगम आधी दिसायला हवा. तोच झाकून ठेवला तर नागरिकाच्या हाती फक्त उलटा अनुभव उरतो, कोरडा नळ. मग तो सरसकट सगळ्याच निवेदनांवरचा विश्वास काढून घेतो, ज्यात त्या बिचाऱ्या खऱ्या निवेदनांचाही बळी जातो.

राहिला प्रशासकाचा आक्षेप. जलवाहिनी जुनी, वीज बेभरवशाची, दुरुस्ती किती तास चालेल ते कुणी सांगावे? निवेदनाला वचन म्हणून धरले तर अधिकारी निवेदन काढायलाच धजणार नाहीत. हा आक्षेप भीतीपोटी आलेला असला तरी टाकाऊ नाही. मात्र जे जसे आहे ते तसेच सांगण्याची इच्छा, ही आप्ताची खूण अनिश्चिततेलाही लागू पडते. आठ तासांचे काम आहे, जोड निखळला तर बारा लागतील, हे सांगणे म्हणजे वचनभंग नव्हे. 'उशिरा व कमी दाबाने' ही शब्दरचना प्रामाणिक दिसते खरी, पण तिच्यात काहीही बसते आणि म्हणून ती कधीच खोटी पडत नाही. संस्था म्हणजे व्यक्ती नव्हे, तिला कसली आली दया, असेही कुणी म्हणेल. पण संस्थेच्या वतीने जाब देणारी माणसे नेमण्यासाठीच तर निवडणुका असतात. मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला, पुण्यातही तेच झाले. त्या काळात निवेदने थांबली नाहीत, पाणीही थांबले नाही. थांबले ते एवढेच, की पाणी आले नाही तर कोणाच्या दारात हंडा घेऊन उभे राहायचे हे प्रभागातल्या बाईला सांगता येत नव्हते. अपौरुषेयतेचा इतका शुद्ध नमुना मीमांसकांनाही मिळाला नसता.

माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने २००५ पासून सार्वजनिक प्राधिकरणांवर न मागता माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. पण पाणी बंद राहणार, रस्ता बंद राहणार, अमुक तारखेपासून कचऱ्याची गाडी येणार, ही सगळी निवेदने पुढच्या दिवसाबद्दल बोलतात. मागच्या दिवसाबद्दलचे निवेदन सहसा कुणी काढत नाही. गुरुवारचे काम किती वाजता संपले, शुक्रवारी पहिल्या गल्लीत पाणी केव्हा चढले, टेकडीवरच्या शेवटच्या घराला मिळाले की नाही, मिळाले नसेल तर कशामुळे, आणि खाली ज्याने ते पाहिले त्याचे नाव. आज एवढे सगळे ठाऊक असते ते चावीवाल्याला, आणि त्याला ते लिहून द्यायला कुणी सांगितलेले नसते.