सीसी मोजून मुलगा सुरक्षित होत नाही

मुलगा अठरा वर्षांचा झाला, पक्कं लायसन्स हातात पडलं, की पुण्याच्या मांजरी भागातल्या घराघरांत एकच वाद सुरू होतो. बाप म्हणतो शंभर सीसी, मुलगा म्हणतो दोनशे. आई मध्ये पडते आणि सव्वाशेवर मिटतं. १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्श मोटारीच्या धडकेत मोटारसायकलवरचे एक तरुण आणि एक तरुणी गेले, तेव्हापासून या वादाला नैतिक धार चढली आहे. पोराच्या हातात चावी कधी द्यायची यावर पुण्यात पुष्कळ बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. पण चावी कसल्या गाडीची, हा प्रश्न मागेच राहिला. वय कायद्याने ठरवलं, सीसी बापाने ठरवली, आणि जबाबदारी पार पडली असं सगळ्यांनी धरून चाललं.

मला या दुसऱ्या आकड्यावरचा विश्वास कळत नाही. आज ‘शंभरच्या वर नको’ म्हणणारे बरेच बाप स्वतः यामाहा आरएक्स १०० वर मोठे झाले. तिचं इंजिन ९८ सीसीचं, स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं. म्हणजे बापाच्या मापाने दोन्ही गाड्या सारख्याच. पण आरएक्सची ताकद ११ अश्वशक्ती, स्प्लेंडरची आठच्या आसपास, आणि टू-स्ट्रोक इंजिन एकदा तापलं की जी उसळी मारायचं ती त्या पिढीला चांगली आठवत असेल. उलट टोकाला ३५० सीसीची बुलेट बघा. जवळपास दोनशे किलोचं धूड, आणि ताकद वीस अश्वशक्ती. केटीएमची २०० ड्यूक तिच्याहून कितीतरी हलकी आणि तिच्याहून ताकदवान. सीसीच्या शिडीवर चढत गेलं तर धोका क्रमाने वाढतो, हा समज इथेच कोसळतो. युरोपातले टप्प्याटप्प्याचे परवानेसुद्धा केवळ सीसी बघत नाहीत. ताकद आणि ताकदीचं वजनाशी गुणोत्तर बघतात. आपल्याकडे मात्र चाचणीत आठचा आकडा काढताना पाय टेकला नाही की शंभर सीसी आणि साडेसहाशे सीसी दोन्हींचा परवाना एकाच दिवशी मिळतो.

तरीही बापाचा मुद्दा उरतोच: छोटं इंजिन कमी पळतं. कमी पळतं, पण पुरेसं पळतं. पंधरा नंबरच्या चौकातून सोलापूर रस्त्याला लागलेली कुठलीही शंभर सीसी सहज साठ गाठते. साठ म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त, आणि तीसचे साठ झाले की ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतं. मांजरीत सतत कुठेतरी बांधकाम चालू. डंपरमधून सांडलेली खडी वळणावर पडलेली असते, टँकरचं गळकं पाणी तिच्यावर. तिथे माणूस पडतो तो तीस-चाळीसच्या वेगाने. शंभर सीसीने त्याला कशापासून वाचवलं?

‘थेट मोठीच घे, हात बसेल’ म्हणणाऱ्या मित्रमंडळाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. गाडी घरी आल्यावर पहिल्यांदा आरसे आणि साडी गार्ड काढून टाकणारी ही मंडळी. मायलेजवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यांनी तो पेट्रोल पंपावर सोडवावा.

माझ्या मते फरक करायचा तो चूक माफ करणारी गाडी आणि चूक लपवणारी गाडी यांत. नवशिक्या चुकणार, हे गृहीतच आहे. ड्यूकसारखी गाडी चूक लपवत नाही, पण माफही करत नाही. मनगट जरा जास्त वळलं की हिशोब जागच्या जागी चुकता. शंभर सीसीची गाडी लपवते. क्लच धसमुसळेपणाने सोडला तर फक्त आचका देते. आणि ब्रेक? पोराला घरातून पहिला धडा मिळालेला असतो, ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील.’ वास्तविक ब्रेक लागताना बहुतेक भार पुढच्या चाकावर येतो, थांबवण्याचं बरंचसं काम तेच चाक करतं. पण २०१८-१९ मध्ये लागू झालेल्या नियमाने एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा, १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांनाच सक्तीचं केलं आणि खालच्यांना सीबीएसवर सोडलं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. सोय चांगली, अंतर कमी होतं, मी नाकारत नाही. पण त्या पोराला पुढचा ब्रेक कधी शिकावाच लागत नाही. तीन वर्षांनी तो मोठी गाडी घेतो तेव्हा ते अज्ञान सोबत घेऊन जातो.

एबीएसचं उलट आहे. खडीवर घाबरून लिव्हर आवळली तर चाक जाम होत नाही, आणि त्याच वेळी लिव्हर बोटांखाली थडथडते. पोरगा वाचतो आणि आपण चुकलो हे त्याला हाताला कळतं. माफीही आणि समजही. वळणात तिरपी असताना गाडी घसरली तर साधं एबीएस फारसं कामाला येत नाही, हे खरं. तरी पहिल्या गाडीत मी हेच शोधेन, आणि सोबत दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतील एवढी सीटची उंची. हे १५०-१६० सीसीच्या साध्या गाड्यांत मिळतं. म्हणजे बापाच्या मापाने दीडपट धोकादायक गाडीत.

पैशाचं काय, असं कुणी विचारेल. प्लॉट विकलेल्या घराला हा प्रश्न पडत नाही; मांजरीत भाड्याने राहून मगरपट्ट्यात पाळीत काम करणाऱ्याच्या घराला पडतो, आणि तो रास्त आहे. त्यांनी नवी शंभर सीसी घेण्याऐवजी एप्रिल २०१९ नंतरची जुनी दीडशे सीसी बघावी. एबीएस तिला कंपनीतूनच आलेलं असतं. टायर नवे टाका, ब्रेक पॅड बदला. टाकीवर ओरखडे असले तर भाव करायला बरं, पहिल्या वर्षात ते पडायचे होतेच.