काम कोणाचे, जोखीम कोणाची

होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेल्या, बंगळुरूच्या आग्नेयेकडील एचएसआर लेआउटमध्ये राहण्यासाठी बांधलेल्या अनेक घरांतून आज दहा-पंधरा माणसांच्या सॉफ्टवेअर कंपन्या नांदत आहेत. होसूर रस्त्यानेच पुढे गेले की इलेक्ट्रॉनिक सिटीतील मोठ्या कंपन्यांची विस्तीर्ण आवारे लागतात. त्या आवारातील नोकरी सोडून या घरांपैकी एखाद्यात येऊन बसणारा अभियंता आपल्या कृतीचे कारण बहुधा एका शब्दात सांगतो : स्वातंत्र्य. हे कारण खोटे नाही. अपुरे मात्र आहे. ठरल्या तारखेचा पगार, हक्काची रजा, आठवड्याला दोन सुट्या हेही एक प्रकारचे स्वातंत्र्यच असते, आणि छोट्या कंपनीत गेल्यावर यांपैकी बरेचसे हातचे जाते. मग माणूस नेमके काय मिळवायला जातो?

मार्क्सने १८४४ मध्ये लिहिलेल्या आणि १९३२ मध्ये प्रकाशित झालेल्या हस्तलिखितांतील परात्मतेची कल्पना येथे आठवणे स्वाभाविक आहे. (मराठी समीक्षेने हा शब्द एके काळी इतका राबवला की त्याची धारच गेली.) वातानुकूलित कक्षात बसणारा अभियंता आणि गिरणीतला उपाशी कामगार यांना एका मापाने मोजणे हा अर्थातच कामगाराचा अपमान ठरेल. तरीही एक साम्य उरते. मोठ्या कंपनीत काम तुकड्यांनी येते आणि तुकड्यांनीच जाते. समुद्रापलीकडच्या एखाद्या बँकेच्या प्रणालीतील एका कोपऱ्यात केलेली दुरुस्ती कोणाच्या उपयोगी पडली, हे करणाऱ्याला कळत नाही. श्रेय जसे वाटले जाते तसा दोषही वाटला जातो, आणि शेवटी दोन्ही कोणाचेच राहत नाहीत.

छोट्या कंपनीत दोषाला धनी असतो. सप्टेंबर २०२५ मधील एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. वस्तू व सेवा कराचे नवे दर ३ सप्टेंबरच्या रात्री जाहीर झाले आणि २२ सप्टेंबरपासून लागू झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ नाहीसे होऊन ५ आणि १८ हे दोनच मुख्य टप्पे राहिले. दुकानदारांसाठी बिलांची प्रणाली करणाऱ्या छोट्या कंपन्यांना मिळाले ते एकोणीस दिवस. आणि २२ तारखेला नेमकी घटस्थापना. त्या सकाळी दुकानात गिऱ्हाइकांची रांग उभी असताना साबणाच्या बिलावर जुना दर छापून आला, तर दुकानदाराचा फोन थेट त्या ओळी लिहिणाऱ्याकडेच येणार. मधे व्यवस्थापक नाही, तक्रारीला क्रमांक नाही. हा फोन घेताना वाटणारी लाज आणि तासाभराने चूक निस्तरल्यावरचे समाधान या दोहोंसाठी माणूस मोठा पगार सोडतो, असे म्हटले तर ते स्वातंत्र्याच्या घोषणेपेक्षा सत्याच्या अधिक जवळ जाईल.

मराठी मनाला हे नाते अपरिचित नाही. त्रिं. ना. आत्रे यांनी 'गावगाडा' या १९१५ च्या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेदारीत सुताराला आपला नांगर कोणाच्या शेतात चालतो हे ठाऊक असे. तो मोडला तर कुणबी त्याच्याच दारात उभा राही. परंतु त्या सुताराला आपले काम सोडून जाण्याची मुभा नव्हती. जातीने नेमून दिलेल्या उत्तरदायित्वाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये. राजीनामा देता येणे ही आधुनिक नोकरीची फार मोठी देणगी आहे. नव्वद दिवसांच्या नोटिशीने ती थोडी कडू होते, एवढेच.

राजीनामा देणारा एकटा असतो तोवर प्रश्न सोपा आहे. १९८१ मध्ये नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी पाटणी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडले आणि पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. १९८३ मध्ये ती बंगळुरूला गेली. आज तिच्यात तीन लाखांहून अधिक माणसे आहेत, आणि एचएसआरमधल्या घरांकडे वळणाऱ्यांपैकी काही तिच्याच आवारातून येतात, हा विरोधाभास गमतीचा आहे. पण त्या कथेतील ध्यानात ठेवण्याजोगा तपशील दुसराच. आरंभीचे १०,००० रुपये सुधा मूर्ती यांच्या बचतीतले होते, आणि घरखर्चाचा भारही त्यांच्या मिळकतीवर होता. एकाने जोखीम घेतली असे आपण म्हणतो तेव्हा ती बहुधा दोघांनी घेतलेली असते, आणि नाव एकाचेच होते.

आजची जोखीम याहून दूरवर पोचते. मोठ्या कंपनीच्या सामूहिक विम्यात सांगलीला किंवा सोलापूरला राहणारे आईवडील बहुधा जुन्या मधुमेहासकट पहिल्या दिवसापासून सामावले जातात. नोकरी सुटली की हे छत्र जाते. स्वतंत्र विमा घ्यावा, तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. मुलाला कामाचा अर्थ सापडावा यासाठी ही तीन वर्षे आईने विम्याविना काढायची काय? तिला हे विचारले जातेच असे नाही. विचारले तर ती 'तू जा' म्हणेल. म्हणूनच तिच्या होकाराला संमती मानणे कठीण आहे.

काही जण हा पेच सचोटीने सोडवतात. ते जुन्या नोकरीत असतानाच आईवडिलांचा स्वतंत्र विमा उतरवतात, वर्षाचा खर्च बाजूला काढतात आणि मुदत पुरी होईपर्यंत तेच तुकड्यांचे काम निमूट करीत राहतात. त्यांचा राजीनामा तीन वर्षे लांबतो. तोवर जिच्यात जायचे ती छोटी कंपनी कदाचित दोनशे माणसांची झालेली असते, आणि दुकानदाराचे फोन घेण्यासाठी तिने स्वतंत्र विभाग नेमलेला असतो.